वाडा मोजताना

वास्तुकलेच्या पहिल्या वर्षात येणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी बऱ्याच जणांच्या फायलीत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची प्रमाणपत्रे असतात. वस्तुचित्रात तांब्या, कांदे आणि घडी पडलेले कापड, स्मरणचित्रात बाजार किंवा बसथांबा, संकल्पचित्रात चौकटीत बसवलेली पानेफुले असा तो अभ्यास असतो, आणि त्यात ‘ए’ श्रेणी मिळालेल्या मुलीला आपला हात चांगला आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या महाविद्यालयात मी प्रवेश घेतला तेव्हा तांब्याच्या पोटावरची चकाकी मला हुबेहूब काढता येत होती. तोच तांब्या मधोमध उभा कापला तर त्याच्या पत्र्याची जाडी गळ्याशी किती दिसेल आणि बुडाशी किती, हे मात्र तोवर मला कोणी विचारलेले नव्हते. पहिल्या सत्रात आमच्या सरांनी नेमके तेच काढून आणायला सांगितले, आणि चित्रकलेच्या वर्गातले रेखाटन व वास्तुकलेतले रेखाटन यांत फरक काय, हे मला त्या एका कामातून जेवढे कळले तेवढे नंतरच्या व्याख्यानांतून कळले नाही.

चित्र काढणारा तांब्याकडे पाहतो तेव्हा त्यावर पडलेला उजेड पाहतो. आम्हांला पत्रा पाहायचा होता आणि पत्रा तर कडेखेरीज कुठेच दिसत नाही. तेव्हा बोटांनी चाचपून, बाहेरच्या मापातून आतले माप वजा करून आणि घडवणाऱ्याने तो कसा घडवला असेल याचा अंदाज बांधून तो काढावा लागला. सुदैवाने कसबा पेठेत तांबट आळी आहे. ठोके देताना पत्रा कुठे ताणला जातो आणि कुठे दाटतो हे तिथल्या एका कारागिराने, हातातले काम न थांबवता, दोन वाक्यांत सांगितले आणि माझा कागद त्या दोन वाक्यांनी पुरा झाला. पाच वर्षांत माझ्याकडून जी रेखाटने करून घेतली गेली त्यांतली बरीचशी मी विसरले आहे. जी आठवतात ती सगळी या जातीची आहेत: जे डोळ्यांना दिसत नाही ते काढायला भाग पाडणारी.

हात तयार करण्याचे शिक्षण अर्थातच रेघांपासून सुरू झाले. ए-१ आकाराचा, म्हणजे ५९४ गुणिले ८४१ मिलिमीटरचा कार्ट्रिज कागद बोर्डावर मास्किंग टेपने चिकटवायचा आणि पट्टी न लावता या कडेपासून त्या कडेपर्यंत समांतर रेघा ओढायच्या. मनगट एका बिंदूभोवती फिरते, त्यामुळे त्याच्या जोरावर ओढलेली लांब रेघ हटकून वळते. सरळ रेघ खांद्यातून यावी लागते आणि ती ओढताना नजर पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता जिथे पोहोचायचे आहे त्या जागेवर ठेवावी लागते. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट आणि चिकणमाती मिसळलेली असते. मातीचे प्रमाण जास्त असले की ‘एच’ जातीची टणक आणि फिकी पेन्सिल होते, ग्रॅफाइट जास्त असले की ‘बी’ जातीची मऊ आणि काळीभोर. पहिल्या वर्षाच्या मुलांना २एच आवडते, कारण तिच्या रेघा पुसट राहतात आणि पुसट रेघेची जबाबदारी घ्यावी लागत नाही. आमचे सर सरळ ६बी हातात देत. ती पुसायला गेले की कागदभर काळे होते, म्हणून रेघ ओढण्याआधी विचार करण्याची सवय लागते, असा त्यामागचा हिशेब होता.

याच काळात दुसरे एक शिक्षण समांतर चालू होते आणि त्याच्याविषयी मला फारसे प्रेम नाही. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, रॉटरिंगची ०.२, ०.३ आणि ०.५ मिलिमीटरची पेने, आणि ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायच्या शीटा. पुण्याच्या पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर हवेतला ओलावा शोषून फुगतो, त्याला लाटा पडतात आणि काल संध्याकाळी जुळलेल्या दोन रेघा सकाळी एकमेकींना चुकवून जातात. पेनाचे टोक तुंबते, ते हलवले की थेंब पडतो, तो ब्लेडने खरवडून काढायचा, खरवडलेली जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, आणि तिथून पुन्हा रेघ न्यायची. या सगळ्यातून चिकाटी येते असे माझ्या पिढीतले पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. चिकाटी येते हे खरे आहे, पण ती कोणत्याही कष्टाने येते. त्यासाठी एकोणिसाव्या वर्षीच्या मुलांच्या रात्री शाईत घालवायची गरज नाही.

हाताने पक्का नकाशा काढणे आणि हाताने रेखाटन करणे या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच गाठोड्यात बांधल्या जातात आणि मग एकीचे कौतुक करताना दुसरीचीही आरती होते. पक्का नकाशा हा हुकूम असतो. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे इंग्रज वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून केले; ते स्वतः भारतात कधी आलेच नाहीत. तरीही १८७८ मध्ये तो टॉवर कुर्ल्याच्या पिवळसर दगडात उभा राहिला, तो इथल्या माणसांनी ते नकाशे वाचून उभा केला. नकाशाकडून अपेक्षा असते ती हीच, की काढणारा हजर नसला तरी काम अडू नये. हे काम आज संगणक आमच्यापेक्षा अधिक नेमकेपणाने करतो आणि ते त्यानेच करावे. रेखाटन मात्र दुसऱ्या कोणाला सांगण्यासाठी काढलेले नसते. आपल्याला काय कळलेले नाही ते शोधण्यासाठी ते असते, आणि म्हणून ते दुसऱ्या कोणाकडून करून घेता येत नाही.

मला हे समजले ते वाडा मोजताना. जुन्या वास्तू मोजून त्यांचे नकाशे काढण्याचा अभ्यास, ज्याला सगळी महाविद्यालये मेजर्ड ड्रॉइंग म्हणतात, आपल्याकडे बराच जुना आहे. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात इंग्रज वास्तुकार क्लॉड बॅटली यांनी १९२३ ते १९४३ या काळात वास्तुकला विभागाचे प्रमुख म्हणून काम केले आणि भारतीय वास्तू मोजून समजून घेण्यावर त्यांचा मोठा भर होता. त्या परंपरेचे धागे पुढे पुण्यापर्यंत आले. दुसऱ्या वर्षी आमच्या तुकडीला वाईजवळच्या एका गावात नेले. वाडा खासगी असल्याने आणि त्यात कुटुंब राहत असल्याने गावाचे नाव देत नाही, पण त्या भागातल्या वाड्यांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल: काळ्या दगडाचे जोते, दिंडी दरवाजा, आत देवडी, मग चौक, चौकाभोवती सोपा आणि ओसरी, पलीकडे माजघर, आणि मागच्या बाजूला बराचसा पडलेला दुसरा चौक.

पहिल्या दिवशी सरांनी टेप काढूच दिली नाही. “मोजायचं नंतर. आधी बघा, आणि बघितलं असेल तर काढा,” एवढे बोलून ते देवडीतल्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले. आम्ही वहीत प्लॅन, म्हणजे घराची वरून दिसणारी मांडणी, काढायला लागलो आणि पहिल्या तासाभरात लक्षात आले की वाड्याचा प्लॅन नजरेने काढायचा तर त्याचे स्वतःचे माप धरावे लागते, आणि ते माप म्हणजे खण. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. माजघर पाच खणी, ओसरी तीन खणी, असे घरातली माणसेही बोलता बोलता म्हणत होती. खांब मोजले की खोल्यांची प्रमाणे वहीत आपोआप बसू लागली. फुटांच्या भाषेत हीच मापे घेतली असती तर आकडे मिळाले असते, परंतु हे घर कोणत्या हिशेबाने बांधले आहे ते सुटून गेले असते.

दुसऱ्या दिवशी टेप आली. मोजणीची एक शिस्त असते. एकाने शून्य धरायचे, दुसऱ्याने आकडा वाचायचा, तिसऱ्याने तो रेखाटनावर लिहायचा, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत उच्चारायचा. शक्यतो सलग मापे घ्यायची, म्हणजे टेप एका टोकाला धरून ती न हलवता प्रत्येक खांबापाशी येणारा आकडा टिपायचा. प्रत्येक खण सुटा मोजला आणि दर वेळी अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर दहा खणांत ती पाच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. चौकाचे चारही कोपरे काटकोनात आहेत असे गृहीत धरायचे नाही, दोन्ही कर्ण मोजून पाहायचे. आमच्या चौकाचे कर्ण सारखे भरले नाहीत, म्हणजे डोळ्यांना चौरस दिसणारा चौक प्रत्यक्षात किंचित तिरका होता. उंच भिंतींचा कल ओळंबा सोडून पाहिला, जमिनीची पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने.

रात्री मुक्कामाच्या जागी प्लॅन कागदावर उतरवायला घेतला तेव्हा एक ठिकाण काही केल्या जुळेना. माजघर आणि देवघर यांच्यामधली भिंत, बाहेरच्या सलग मापातून आतल्या खोल्यांची मापे वजा केल्यावर, शेजारच्या भिंतींच्या जवळजवळ दुप्पट जाड येत होती. मापे चुकली असावीत म्हणून सकाळी पुन्हा घेतली, पुन्हा तेच. आमच्यापैकी एकीला त्या भिंतीचे आतले एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारे चित्र, काढायचे काम होते. ती मांडी घालून समोर बसली आणि कोनाडे, खुंट्या, देवळी, फडताळ असे एकेक काढत गेली. काढता काढता ती थांबली, कारण फडताळाच्या चौकटीचा खालचा उंबरा जमिनीपासून इतर फडताळांच्या मानाने फारच खाली होता आणि त्याचा मधला भाग झिजलेला होता. फडताळाचा उंबरा झिजायचे कारण काय? दार उघडायची परवानगी मागितली. आत रचून ठेवलेली पितळेची पातेली होती, आणि पातेल्यांच्या मागे भिंतीच्या पोटातून माडीवर जाणारा अरुंद, चढा, अंधारा जिना. घरमालक काकांना त्याचे काहीच नवल नव्हते. “जिनाच आहे तो. तुम्ही विचारलं कुठं?” असे ते म्हणाले.

वाड्यांत भिंतीच्या जाडीत जिने असतात, धान्याची बळदे असतात, हे आम्ही वर्गात शिकलेलो होतो. तरी त्या भिंतीसमोरून दोन दिवस ये-जा करून कोणाला काही सुचले नव्हते. जाडीची शंका टेपने निर्माण केली हे मान्य करायला हवे. आज लेझरचे यंत्र तीच शंका अर्ध्या मिनिटात निर्माण करील. पण जिना सापडला तो झिजलेल्या उंबऱ्यामुळे, आणि उंबरा दिसला तो काढावा लागला म्हणून. त्या भिंतीचे छायाचित्र आम्ही पहिल्याच दिवशी घेतले होते. त्यात तो उंबरा आहे, झीजसुद्धा आहे. छायाचित्रात सगळेच एकदम आणि सारख्याच मोलाने येते, त्यामुळे पाहणाऱ्याला कुठेच थांबावे लागत नाही. रेखाटनात एकेक रेघ ओढायची असल्याने ती किती लांब, कुठून कुठे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढताना हे आणखी कडक होते. माझ्या वाट्याला ओसरीचा सेक्शन आला होता. खाली दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेले हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा भर आणि त्यावर माडीची जमीन. या कडीपाटाकडे खालून पाहिले की कड्यांच्या आणि पाटांच्या सुरेख रांगा दिसतात आणि आपल्याला सगळे समजले असे वाटते. पेन्सिल टेकवली की प्रश्न सुरू होतात. कडी तुळईवर नुसती टेकली आहे की तिच्यात खाच आहे? तुळई भिंतीपाशी येते तेव्हा तिथेच थांबते की आत शिरते, आणि शिरते तर किती? पाट एकमेकांना कडेने नुसते लागलेले आहेत की एकात एक बसवलेले? प्रत्येक प्रश्नापाशी माझी रेघ अडली. उत्तरे मागच्या पडक्या चौकात मिळाली. तिथे सोप्याचा अर्धा भाग कोसळलेला होता आणि वाड्याने स्वतःच आपला सेक्शन उघडा करून ठेवला होता: बाहेरून भाजक्या विटा, आत कच्च्या विटा आणि पांढरी माती, आणि त्या भिंतीत हातभर आत गेलेले तुळईचे टोक, वाळवीने पोखरलेले. पुढच्या ओसरीचा सेक्शन मी मागच्या पडझडीसमोर बसून पुरा केला. त्यानंतर कोणत्याही छताखाली बसले की त्याच्या पोटात काय असेल हे मनातल्या मनात काढत बसायची खोड लागली, आणि लग्नकार्यात ती फार उपयोगी पडते.

रेखाटनाचा आणखी एक फायदा अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो. कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाकडे घरातली माणसे संशयाने तरी पाहतात किंवा पोज तरी देतात. एका जागी वही घेऊन दोन तास बसलेल्या मुलीशी ती बोलायला लागतात. त्या वाड्यातल्या आजी ओसरीवर वाती वळत असत आणि दर थोड्या वेळाने माझ्या वहीत डोकावत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या प्लॅनवर बोट ठेवले. “अगं, हा खांब काढलास तो खरा नव्हे. माझ्या लग्नानंतर टेकू म्हणून दिला तो, वरची तुळई वाकली म्हणून. मग कोण काढतंय तो!” तो खांब बाकीच्या खांबांसारखा सुरूच्या घाटाचा नव्हता, त्याला तळखडा नव्हता, तो खणाच्या मापातही बसत नव्हता, हे सगळे माझ्या कागदावर होते आणि मला दिसलेले नव्हते. आजींना प्लॅन वाचायला कोणी शिकवले नव्हते. देवडी कुठली आणि माजघर कुठले एवढे सांगितल्यावर त्या सरळ बोट फिरवत कागदावरून घरभर हिंडल्या, आणि कोणत्या खोलीत कोण बाळंत झाली, कोणते दार वाटणीच्या वेळी चिणले, हे सांगत गेल्या. आमच्या अंतिम शीटांवर यातले थोडेच आले, कारण बाळंतपण दाखवायचे चिन्ह आमच्याकडे नव्हते. चिणलेले दार मात्र तुटक रेघेने दाखवले आणि सरांनी त्यावर आनंदाने गुण दिले.

मोजणीच्या त्या दिवसांत संध्याकाळी वाईच्या घाटावर आणि मेणवलीला मोकळेपणाने स्केच करायला जायची मुभा होती. घाट हा पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळचे-दूरचे कसे दिसते ते काढण्याचा, उत्तम वर्ग आहे. आपण पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी बसलो की डोळ्यांच्या पातळीखालच्या पायऱ्यांचे सपाट माथे दिसतात, आणि डोळ्यांच्या वरच्या पायऱ्यांचे फक्त उभे दर्शनी भाग दिसतात, माथे अजिबात नाहीत. नवशिक्याला पायरीला माथा असतो हे ठाऊक असते, म्हणून तो वरच्या पायऱ्यांनाही माथे काढून मोकळा होतो आणि मग सगळा घाट नदीत ओतल्यासारखा दिसतो. सपाट जागी उभे राहून काढताना याच नियमाची दुसरी बाजू कामी येते: आपल्याइतक्या उंचीची माणसे जवळ असोत की दूर, त्या सगळ्यांचे डोळे कागदावर एकाच आडव्या रेषेवर येतात, वरखाली होतात ते पाय. हे एकदा कळले की गर्दीची भीती जाते.

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाचे स्केच जो तो समोरून करतो. आमच्यातल्या एकाला समोर बसायला जागा मिळाली नाही, म्हणून तो मागे नदीकडे गेला आणि त्याने जे काढून आणले ते पाहून आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो. त्या देवळाची मागची भिंत सपाट नाही. ती मधोमध टोकदार, माशाच्या आकाराची आहे, कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा यासाठी. रास्त्यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या देवळात पुढून भक्तीचा विचार आहे आणि मागून पाण्याच्या जोराचा. भिंतीचा तो निमुळता आकार काढायचा तर प्लॅनच काढावा लागतो, एलेव्हेशनमध्ये तो सापडतच नाही. मेणवलीच्या घाटावरची घंटा मात्र सगळ्यांनीच काढली, आणि १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर तिकडून आलेली ती पोर्तुगीज घंटा आमच्या बहुतेकांच्या वहीत देवळातल्या घंटेसारखी निघाली. हात सवयीचा आकार काढतो, त्याला समोरचा आकार काढायला लावणे हेच तर अवघड.

डिझाइनच्या स्टुडिओत रेखाटनाचे काम बदलते, कारण तिथे समोर काहीच नसते. बटर पेपरचा रोल ही त्या वर्षांतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू होती. खाली जागेचा नकाशा, वर बटर पेपर, त्यावर एक विचार. तो पटला नाही तर त्यावर दुसरा बटर पेपर, खालचे जे ठेवायचे ते उतरवून घ्यायचे आणि बाकीचे जाऊ द्यायचे. या पद्धतीत मऊ पेन्सिलीचा जाडपणा उपयोगी पडतो. सुरुवातीच्या दिवसांत इथे भिंत हवी, कठडा हवा की नुसती एक पायरी पुरेल, हे ठरलेले नसते, आणि ६बीच्या जाड रेघेत या तिन्ही शक्यता काही दिवस एकत्र नांदू शकतात. संगणकावर पहिली भिंत काढायला गेले की तो जाडी विचारतो. आपण २३० मिलिमीटर असे उत्तर देतो, कारण नऊ इंची विटेची भिंत ती तेवढी, आणि जिचा अजून निर्णयच झालेला नाही अशी भिंत पडद्यावर पक्की होऊन बसते. मग ती हलवायला जीव होत नाही. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे आपले काम मांडायला, येणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांना “ही भिंत इथे का?” असे विचारले की पुष्कळदा त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचे आश्चर्य दिसते, ती तर पहिल्या दिवसापासून तिथेच आहे.

अर्थात जुन्या स्टुडिओचे सगळेच गोड नव्हते. चौथ्या वर्षी एका बाहेरून आलेल्या ज्युरी सदस्याने माझ्या शाईने पुऱ्या केलेल्या शीटवर लाल मार्करने तीन मोठे फराटे ओढून मला जिन्याची जागा समजावून सांगितली होती. जिन्याविषयी त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यांच्यापुढे बटर पेपरचा तुकडाही पडलेला होता, एवढेच माझे म्हणणे.

रेखाटनाने विचार करणे म्हणजे काय, याचा मोठा नमुना आपल्याच गावचा आहे. वास्तुकार बाळकृष्ण दोशी १९२७ मध्ये पुण्यात जन्मले, एकत्र कुटुंबाच्या वाढत जाणाऱ्या घरात वाढले, जे. जे. मध्ये शिकले आणि पुढे पॅरिसला आधुनिक वास्तुकलेतले नामवंत ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम करायला गेले. २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रिट्झ्कर पारितोषिक मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांनी इमारतींची छायाचित्रे छापली. मला त्यांची रेखाचित्रे जास्त बोलकी वाटतात. त्यांत लघुचित्रांच्या शैलीप्रमाणे प्लॅन, एलेव्हेशन, झाडे, प्राणी आणि माणसे एकाच कागदावर, वेगवेगळ्या दिशांनी पाहिल्यासारखी येतात. परीक्षेत असे काढले तर गुण कापले जातील. पण इमारतीत राहणारा माणूस ती एका ठरावीक बिंदूवरून पाहत नाही, फिरत फिरत पाहतो, आणि त्या कागदांवर तो फिरणारा माणूस आहे. आमच्या आजींचे बोट प्लॅनवरून फिरत होते ते याच रीतीने.

आता मी स्वतःचे लहानसे कार्यालय चालवते आणि आठवड्यातून काही तास एका महाविद्यालयात शिकवायला जाते. कार्यालयात टी-स्क्वेअर नाही. महानगरपालिकेला जाणारा प्रत्येक नकाशा संगणकावर होतो. साइटवर मात्र अजून रोज रेखाटन लागते, आणि तेही कागदावर नव्हे. सुताराला दाराच्या चौकटीचा जोड समजावायचा असला की मी प्लॅस्टर न केलेल्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने किंवा त्याच्याच कानामागच्या पेन्सिलीने तो काढते. तो पाहतो, पेन्सिल परत घेतो आणि शेजारी आपला जोड काढतो. “मॅडम, असं केलं तर पावसाळ्यात फुगणार नाही.” छापील नकाशा हातात असताना हा माणूस कधीही असे बोलत नाही, कारण छापील नकाशा ठरलेला दिसतो. भिंतीवरच्या ओबडधोबड रेघांना उलट उत्तर देता येते.

विद्यार्थी टॅबलेटवर रेखाटतात याला माझी हरकत नाही. त्यांतल्या काहींचा हात आमच्यापेक्षा सरस आहे. माझी तक्रार झूमपुरती आहे. कागदाला कडा असते आणि १:५० या प्रमाणात काढताना माणूस पेन्सिलीएवढ्या ठरावीक अंतरावरून, ठरावीक आकाराचा दिसत राहतो. पडद्यावर बोटे पसरली की दाराची मूठ ताटाएवढी होते, तिच्यावर तासभर काम होते आणि ते दार उघडून माणूस कुठे जाणार आहे याकडे लक्ष जात नाही. यावर उपाय सोपा आहे. मी त्यांना झूम न करता पडद्यावर एक माणूस काढायला लावते आणि तो तिथून पुसायचा नाही अशी अट घालते.

प्रवेशाची नाटा परीक्षा मध्यंतरी काही वर्षे पूर्णपणे संगणकावर गेली होती आणि तिच्यातून चित्र काढण्याचा भाग गळला होता. २०२४ पासून तो परत आला आहे. तो गळल्याने फार बिघडले असे मला वाटत नाही आणि परत आल्याने फार सुधारेल असेही नाही, कारण परीक्षेत जे काढायला सांगतात ते बहुतेक कल्पनेतले असते. माझ्या हातात असते तर पहिल्या वर्षाच्या शाईच्या शीटांपैकी निम्म्या मी काढून टाकल्या असत्या आणि त्यांच्या जागी वस्तू कापायचे काम दिले असते: तांब्या, पाटा, उखळ, कुलूप, सायकलचे पेडल. मेजर्ड ड्रॉइंगचा दौरा मात्र एक दिवसानेही कमी करू दिला नसता. अलीकडे तो खर्चाच्या आणि वेळापत्रकाच्या नावाखाली आखडता घेण्याकडे कल आहे. लेझर स्कॅनिंग आल्यापासून तर एका दुपारी सगळा वाडा संगणकात भरता येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येता येते, असा युक्तिवाद ऐकू येतो. स्कॅनमधून पडद्यावर येणारा बिंदूंचा तो ढग मी पाहिलेला आहे. त्यात भिंतीची जाडी मिलिमीटरपर्यंत अचूक आहे, आणि फडताळाचे दार त्यात बंद आहे.

यंदाच्या दौऱ्याला ते यंत्र न्यायचे की नाही, यावर आम्हा शिक्षकांमध्ये सध्या वाद चालू आहे. माझे मत असे, की जरूर न्यावे, पण पहिले तीन दिवस ते पेटीतून बाहेर काढू नये. मुलांचे हाताने काढलेले प्लॅन आणि सेक्शन तयार झाले की मग स्कॅन करून दोन्ही एकमेकांवर ठेवावेत आणि जिथे जुळत नाही तिथे परत जाऊन पाहावे. एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की यात वेळ दुप्पट लागेल. लागेलच.